कापसाच्या खोलीतला पंखा

डिसेंबरातल्या एका रात्री काकूंचा फोन आला. हॅलोच्या आधीच त्यांनी फोन कशाजवळ तरी धरला. घर्रर्र... खर्र... घर्रर्र. मला वाटलं पिठाची गिरणी.

"ऐकलं का बाबू? हे तुझ्या भावाचं कम्प्युटर. सांजपासून असंच बोंबलून राहिलं. आन् मधातच बंद पडते."

मावल्याला काकांच्या घरी एकच डेस्कटॉप आहे, सात-आठ वर्षांचा. चुलतभाऊ त्यावर जेईई मेनच्या सराव परीक्षा देतो. पेपर तीन तासांचा, प्रश्न ७५ आणि पहिली फेरी जानेवारीत, म्हणजे महिन्यावर आलेली. मशीन मात्र वीस-बावीस मिनिटांत डोळे मिटायचं. त्याने तीन दिवसांत एकही पेपर पूर्ण सोडवला नव्हता. आदिलाबादच्या एका दुकानदाराने नुसत्या वर्णनावरून सांगून टाकलं होतं, 'बोर्ड गेला, नवीनच घ्या, पस्तीस हजार.' काकांनी लगेच मनात हिशोब केला असणार. पस्तीस हजार म्हणजे जवळपास पाच क्विंटल कापूस.

शनिवारी हैदराबादहून रात्रीची बस धरली. तीनशे किलोमीटर. पहाटे मावल्याच्या तलावाशेजारी हायवेवर उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. आदिलाबादची थंडी ज्याने अनुभवली नाही त्याला तेलंगणा म्हणजे फक्त ऊनच वाटतं. अशा थंडीत एखादं यंत्र तापून बंद पडतंय, हेच मुळात विचार करायला लावणारं होतं.

घरात शिरलो आणि अर्धं उत्तर दारातच दिसलं. कम्प्युटर होता त्या खोलीत छताच्या दोन हात खालपर्यंत कापूस भरलेला. आपल्याकडे हे नवीन नाही. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत भाव कापतात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. मग माणसं कापूस घरात वाळवतात आणि भावाची वाट बघतात. माणसं ओसरीवर झोपतात, खोली कापसाला. भाऊ त्या ढिगाला पाठ लावून भौतिकशास्त्र करत होता, आणि त्याच्या पायाशी ठेवलेला डबा त्याच खोलीतली हवा ओढत होता.

सगळ्यात आधी त्याच्या नोट्स आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्क्रू काढण्याआधीच करायचं. खरखर पंख्याची नसून हार्ड डिस्कची असेल, तर प्रत्येक वेळी मशीन सुरू करणं म्हणजे उरलेली माहितीही घालवणं.

मग आवाज नेमका कुठला हे शोधलं. साध्या डेस्कटॉपमध्ये पंखे बहुधा तीन : पॉवर सप्लायचा, मागच्या बाजूचा आणि प्रोसेसरवरचा. जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळून नळी केली, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ (आत घालायचं नाही). डॉक्टर झाल्यासारखं वाटतं, पण नळी खरंच काम करते. गोंगाट प्रोसेसरच्या पंख्याचा होता. नीट ऐकल्यावर त्यात दोन आवाज वेगळे कळले. एक वाऱ्याचा एकसारखा घोंघाट, आणि त्यावर अधूनमधून कोरडी खरखर.

पिन काढून, थोडं थांबून डबा उघडला. पंख्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा असतो. प्रोसेसरची उष्णता या पट्ट्यांत चढते आणि पंखा फक्त त्यांच्यामधली गरम हवा हलवतो. गार करणाऱ्या खऱ्या त्या पट्ट्याच. इथे त्या दिसतच नव्हत्या. पंखा आणि पट्ट्यांमध्ये राखाडी-पांढऱ्या तंतूंची चक्क घोंगडी बसली होती. साधी धूळ फटींतून निदान थोडी निसटते. कापसाचे तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यात पुढची धूळ अडकते. चिमट्याने ओढली तर ती घडीसारखी अख्खी निघाली. काकू म्हणाल्या, "वात वळता येईन याची."

रंगाच्या कोरड्या ब्रशने पट्ट्या साफ केल्या, सायकलच्या पंपाने हवा मारली. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवली. तसं केलं नाही तर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. पॉवर सप्लायचा डबा मात्र बाहेरूनच झटकला. तो कधीच उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

सुरू केल्यावर घोंघाट कमी झाला, खरखर राहिली. ती बेअरिंगची. स्वस्त पंख्यात साधी बुशिंग असते, तिचं तेल वर्षांनुवर्षे उष्णतेने वाळतं. पंख्याच्या मधोमधचा स्टिकर अर्धा सोलला आणि काकूंच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. एकच. खोबरेल घालू नका; आमच्या थंडीत ते गोठतं.

आणि आवाज थांबला. इतका, की भावाने मशीन चालू आहे ना म्हणून दिवा बघितला. काकांनी चहा मागवला. मीही पाय पसरून, दुकानदाराला काय कळतं वगैरे बोलून घेतलं. भावाने सराव पेपर लावला.

चोविसाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं.

त्या क्षणी कोणी काही बोललं नाही, ते बरं झालं. काका फक्त म्हणाले, "असू दे, कापूस विकला की नवीनच आणू." भाऊ वही उघडून कागदावर गणितं करायला बसला. त्याचं ते न बोलता वही उघडणं मला जास्त लागलं.

दुपारी जेवून पुन्हा बसलो. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान बघितलं. काही काम नसताना नव्वदच्या वर. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास आधी स्वतःला मंद करतात आणि तरीही भागलं नाही तर जळण्याऐवजी बंद होतात. म्हणजे मशीन बिघडून बंद पडत नव्हतं, जीव वाचवत होतं. वीज बंद करून लगेच पट्ट्यांना बोट लावलं. कोमट! खाली नव्वद आणि वर कोमट, याचा अर्थ उष्णता वर चढतच नव्हती.

आता चूक दिसली. हा गठ्ठा बोर्डावर चार प्लॅस्टिक खुंट्यांनी दाबून बसवलेला असतो. त्यातली मागच्या कोपऱ्यातली एक सुटून वर आली होती. कधीतरी डबा हलवताना झालं असेल. गठ्ठा एका बाजूने उचलला गेला की मध्ये हवा शिरते, आणि हवा उष्णता फार वाईट वाहते. सकाळी ती खुंटी माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मी आवाजाच्या मागे होतो. खरं तर प्रोसेसर तापला म्हणून बोर्ड पंख्याला जोरात पळवत होता. घोंघाट म्हणजे तक्रार होती. मी सकाळभर तक्रार करणाऱ्यालाच गप्प करत बसलो होतो.

संध्याकाळी आदिलाबादहून थर्मल पेस्टची ट्यूब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. जुनी पेस्ट चुन्यासारखी कडक झाली होती. ती पुसून प्रोसेसरच्या मध्यावर वाटाण्याहून लहान गोळी ठेवली. जास्त घातली तर जास्त गार, असं नाही. दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरण्यापुरतीच ती हवी. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या खुंट्या जोडीने दाबल्या आणि चार वेळा 'कट' ऐकलं. बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आल्याची खात्री केली. भावाने टॉर्च धरला होता. शेवटची खुंटी त्यानेच दाबली.

बायोसमध्ये आकडा अडतीसवर थांबला.

रात्री आठला त्याने पेपर लावला. आम्ही ओसरीवर शेकोटीजवळ बसलो. दर थोड्या वेळाने काका उगाच आत डोकावून यायचे. अकराला तो बाहेर आला. पूर्ण ७५ प्रश्न बघून झाले होते, मार्कांबद्दल विचारू नका म्हणाला.

पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकाला थेट द्रवाने गार करतात, हे मी त्याला त्या रात्री सांगितलं. पंख्याची हवा पुरेनाशी झाली की तिथे पाइपातून द्रव फिरवतात. पण भांडण तेच, उष्णता जन्मते तिथून ती उचलून दुसरीकडे नेणं. त्याला उष्णतावहनाचा धडा तसाही राहिला होता, तो आम्ही काढून ठेवलेल्या जुन्या पेस्टच्या खपल्या बघत केला.

तेलाचा थेंब तात्पुरता आहे, हेही त्याला सांगून ठेवलं. एकदा कोरडी झालेली बुशिंग पुन्हा कुरकुरते. नवीन पंखा काही शे रुपयांत येतो. घेताना फक्त जुन्याच्या वायरी मोजायच्या : चार असतील तर चारवालाच घ्यायचा, म्हणजे बोर्डाला त्याचा वेग कमी-जास्त करता येतो. फेब्रुवारीत त्याने स्वतःच तो बदलला.

कम्प्युटर मात्र त्याच रात्री कापसाच्या खोलीतून काढून देवघराच्या बाजूला उंच स्टुलावर ठेवला. काकूंनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवून हवा आत जाते त्या जाळीवर बसवला आहे. दर बाजारच्या दिवशी तो काढून धुतात. मागच्या वेळी फोनवर म्हणाल्या, "अजून बी कापूस निघते रे त्याच्यातून. विकला तरी जात नाही घरातून."