मॅनिफोल्ड बदलला, मग इंधनाच्या दाबाचं काय?

कागल पंचतारांकित एमआयडीसीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. तिथल्या डिझेल इंजिनांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचं इंधन शेकडो बार दाबाने थेट सिलिंडरमध्ये जातं. पेट्रोल इंजिनात मात्र थ्रॉटल हवा अडवतो आणि आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांतला इंधनदाबाचा रेग्युलेटर एका बारीक नळीतून तो व्हॅक्यूम घेतो आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला दाबफरक साधारण ३ बार राखतो. म्हणून आयडलला इंधनदाबाचा गेज सुमारे २.४ बार दाखवतो, नळी काढली की ३.

मॅनिफोल्ड बदलताना नेमकी हीच नळी विसरली जाते. ती थ्रॉटलनंतरच्या सामाईक पोकळीलाच जोडावी. कारण एकाच सिलिंडरच्या वाटेवर दाब सतत वरखाली होतो. टर्बो बसवून मॅनिफोल्डमधला दाब वातावरणापेक्षा ०.५ बारने वाढला, तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये ३.५ बार हवाच. नाहीतर भर वेगात मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळू शकतो. परतीची नळी नसलेल्या नव्या गाड्यांत रेग्युलेटर बहुधा टाकीत असतो. तिथे मॅनिफोल्डमधल्या बदलत्या दाबाची भरपाई ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) ट्यूनिंगमधूनच करावी लागते.

व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. तो बदलेपर्यंत गाडी सुरू करू नका.