आहेराच्या वहीतील रिकामा रकाना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्ही कडधान्याच्या तेजीमंदीवर चार शब्द लिहावेत अशी सूचना केली होती. परंतु तेजीमंदीविषयी आम्ही आजवर जे जे लिहिले, ते ते पुढील हंगामाने खोटे ठरविले. सबब तो विषय तरुण सभासदांवर सोपवून, एका निराळ्याच मालाविषयी लिहिण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. हा माल म्हणजे आप्तेष्टांस देण्यासाठी घरी बसून हातांनी शिवलेली वस्तू. दुपटे, कुंची, वाकळ, भरतकामाचा रुमाल. याचा भाव कोणत्याच बाजारात फुटत नाही, आणि आमच्या घरी याच मालाच्या बाबतीत एक जुनी चूक होऊन गेली आहे.

व्यापाऱ्याच्या घरी दुकानाच्या रोजमेळ-खतावणीखेरीज आणखी एक वही असते, ती आहेराची. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला कोणी काय दिले ते तीत टिपून ठेवावयाचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की त्याच मानाने, किंबहुना थोडे वरचढ, परत करावयाचे. नाव, वस्तू आणि अंदाजे किंमत असे तीन रकाने. २०२३ साली आमच्या थोरल्या चिरंजीवांस कन्या झाली. बारशाच्या निमंत्रणांची यादी करावयाची म्हणून आम्ही माळ्यावरून जुन्या वह्या उतरविल्या, आणि त्यांत १९८५ सालची, याच चिरंजीवांच्या बारशाची वही हाती आली. तीत आमच्या दिवंगत दिवाणजींच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती : ‘आक्का. दुपटे नग १, कुंची नग १.’ पुढे किमतीचा रकाना मोकळा. दिवाणजी नारळाचीसुद्धा किंमत मांडणारे गृहस्थ. त्यांनी येथे आडवी रेघसुद्धा मारली नव्हती.

ज्या तरुण वाचकांनी दुपटे शिवताना पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या बेळगाव भागास कापडाची वाण कधी नव्हती. शहापूर, खासबाग, वडगाव येथे साड्यांचे माग. पलीकडे बागलकोट जिल्ह्यात इरकल साडीचे गाव आणि खणांचे गुळेदगुड्ड. घरोघरी नऊवारी इरकली साड्या नेसल्या जात आणि विरल्या की त्या टाकून न देता घडी करून ठेवल्या जात. बाळासाठी मुद्दाम जुनेच कापड घेतात, यास कारण आहे. नव्या कापडात खळ असते. शेकडो वेळा धुऊन विरलेले सूत मात्र नवजात त्वचेस टोचत नाही व घाम टिपते. अशा दोन-तीन थरांची घडी घालावयाची, प्रथम लांब लांब टाक्यांनी ती टाचून घ्यावयाची, म्हणजे थर सरकत नाहीत. नंतर कडेपासून आत आत फेऱ्या घालीत दुहेरी दोऱ्याने साधा धावदोरा घालावयाचा. आपण ज्यास वाकळ म्हणतो व कानडीत कौदी म्हणतात, तिचेच हे धाकटे रूप. हल्याळच्या बाजूस भाताच्या खरेदीसाठी जाताना आम्ही सिद्दी समाजाच्या स्त्रियांनी शिवलेल्या कवंद्या पाहिल्या आहेत. त्याही कडेपासून मध्याकडे शिवीत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोण लावतात. त्यास त्या फूल म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी समजतात.

कुंचीचे काम याहून नाजूक. बाळाचे डोके झाकून पाठीवर उतरणारी ही टोपी बहुधा खणाची असते. आक्काने आणलेल्या कुंचीच्या कडेला तिने हत्तींची रांग भरली होती. आमच्याकडील कशिदा म्हणजे कापडावर नक्षी न छापता, केवळ ताणे-बाणे मोजून भरावयाची कला. त्यातील गवंती आणि मुरगी हे टाके असे असतात की सुलट व उलट बाजू सारखीच दिसते. दोऱ्याला गाठही मारीत नाहीत. वरच्या थरात उत्तम दाणा व तळाशी कचरा अशी पोती आयुष्यभर उघडून पाहिलेल्या माणसास या गोष्टीचे कौतुक अधिक वाटते.

आमच्या आईचे शिवणकाम मात्र पोत्यांच्याच आधाराने चाले. त्या काळी मैदा कापडी पोत्यांतून येई. रिकामी पोती आई सोड्यात उकळी आणि त्यांची अस्तरे, पिशव्या, आम्हां भावंडांच्या चड्ड्या शिवी. गिरणीचा शिक्का काही केल्या पुरता जात नसे, त्यामुळे शाळेत आमच्या पाठीमागे कोणत्या गिरणीचा माल आहे हे मुले वाचीत. पोत्याच्या कापडास मान नाही, असे तेव्हापासून आमच्या मनाने घेतले. परंतु अमेरिकेत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने तेथील एका संग्रहालयाची छायाचित्रे पाठविली, आणि ही समजूत डळमळली. १९१४ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियम देश जर्मन सैन्याने व्यापला व तेथे अन्नाची टंचाई झाली. हर्बर्ट हूव्हर, जे पुढे १९२९ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या नेतृत्वाखाली एक मदत मंडळ उभे राहिले आणि अमेरिकेतून सुती पोत्यांत भरलेले पीठ बेल्जियमला जाऊ लागले. रिकाम्या पोत्यांचा हिशेब फार कडक ठेवला जाई. त्यांचा कापूस दारूगोळ्याच्या कामी जाऊ नये, ही एक भीती. आणि नामांकित गिरणीच्या पोत्यात हलके पीठ भरून कोणी विकू नये, ही दुसरी. दुसऱ्या भीतीचा अर्थ आपणा व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही! ही पोती शिवणशाळांतील मुली-बायकांच्या हाती दिली गेली. त्यांनी गिरणीचा शिक्का धुऊन काढला नाही. त्याच शिक्क्यावर रंगीत रेशमाने भरतकाम केले, कडेला लेस लावली, आणि ज्यांनी पीठ दिले त्यांच्याकडे कृतज्ञतेची भेट म्हणून कित्येक पोती परत धाडली. आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच गावी हूव्हर यांच्या नावाच्या संग्रहालयात अशी शेकडो पोती आजही जपलेली आहेत. पिठाची फेड त्या लोकांस पैशाने करता आली नसती, आणि देणाऱ्यांनी ती मागितलीही नव्हती.

आता १९८५ सालाकडे वळतो. आमचे वय तेव्हा सव्वीस, रविवार पेठेतील दुकान नुकतेच आमच्या नावे झालेले, आणि डोक्यात मोठेपणाची हवा. बारशाला परगावचे अडत्ये, दलाल, गिरणीवाले अशी बडी मंडळी बोलाविली होती. आक्का आमच्याहून नऊ वर्षांनी मोठी; चिक्कोडीजवळच्या एका खेड्यात दिलेली, बेताच्या शेतीची. आई चार वर्षांपूर्वी निवर्तली होती. आईच्या दोन साड्या व वडिलांचे एक धोतर आक्काने मागून नेले होते, ते कशासाठी हे आम्ही विचारलेही नव्हते. बारशाच्या दिवशी तिने पाळण्यात आपल्या हाताने दुपटे अंथरले. वर आईच्या साडीचा जांभळा काठ चौकटीसारखा, मध्ये पाणेरी तुकडे, आत वडिलांच्या धोतराचा थर.

पाहुण्यांपैकी एका बड्या व्यापाऱ्याने पाळण्यात डोकावून हसत विचारले, “शेठ, हे ठिगळांचे काय अंथरले आहे?” आम्हीही हसलो आणि म्हणालो, “खेड्यातून कोणी तरी आणले असेल.” एवढे बोलून दुकानातून विकत आणलेले गिरणीचे छापील पांघरूण आम्ही वर घातले. मागे वळतो तो आक्का साखरेचे तबक घेऊन उभी. तिने पाहुण्यांपुढे तबक धरले, आमच्यापुढेही धरले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी पाळण्यात दुपटे नव्हते. कुंचीही नव्हती.

त्यानंतर आमच्या घरी जी जी कार्ये झाली, त्या प्रत्येकास आक्का आली, पुढे होऊन राबली, आणि निघताना पाकीट देऊन गेली. एकावन्न, एकशे एक, पुढे पाचशे एक. वहीत या सर्व रकमा आहेत आणि आम्ही त्या सर्व, वरचढ करून, परत केल्या आहेत. हिशेबात कोठे खोट नाही. तिने दुसऱ्यांच्या घरी मात्र शिवणे सोडले नव्हते. तिच्या नणंदांच्या, शेजारणींच्या नातवंडांपर्यंत तिची दुपटी पोहोचली. आमच्या उंबऱ्याच्या आत अडतीस वर्षांत एकही आले नाही.

मध्यंतरी काळ कसा पालटला हे आपण सर्वजण पाहतच आहोत. दिवाळीस सुक्या मेव्याचे डबे एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर फिरत असतात. एका वर्षी आम्ही पाठविलेला डबा सतरा दिवसांनी तीन घरे हिंडून आमच्याकडेच परत आला, तळाशी आमची चिठ्ठी तशीच. लग्नातील रुखवत आता भाड्याने मिळते. यास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याची घडी न मोडता ते पुढे देता येते, अशा मालाचा व्यापार आम्हीही केला आहे.

वही हाती आली त्याच आठवड्यात आम्ही आक्काच्या गावी गेलो. बरोबर सूनबाईंनी आग्रहाने दिलेली एक पिशवी होती. सूनबाई क्रोशाचे विणकाम जाणतात. आत्याबाईंसाठी त्यांनी लोकरीची टोपी विणली होती. आक्काने ती तेथल्या तेथे डोक्यावर चढविली. वैशाखाचे ऊन होते. आम्ही वहीतील ओळ तिच्यापुढे धरली. चष्मा लावून तिने ती वाचली व म्हणाली, “दिवाणजींचं अक्षर चांगलं होतं.” नंतर उठून ट्रंक उघडली. दुपटे आत होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला घालून तिने ठेवले होते.

“हे दे, आक्का,” आम्ही म्हणालो. पुढे जे बोलावयाचे ठरवून गेलो होतो, ते काही केल्या तोंडून निघेना.

“हे तुझ्या पोराचं. तो मागेल तेव्हा त्याला देईन. पोरीला नवं पाहिजे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण माझी बोटं आता वळत नाहीत रे. टाचून मी देते. शिवायचं तू.”

आम्हांस वाटले, थट्टा करते. ती थट्टा नव्हती. लहानपणी वडील आम्हांस वखारीत हमालांबरोबर पोती शिवावयास बसवीत. दाभण आणि सुतळी यांची सवय हातास आहे, हे तिला ठाऊक होते. तिने आपल्या दोन विरलेल्या साड्या काढल्या, जमिनीवर पसरल्या, आणि आम्ही तिच्यासमोर मांडी घालून सुई हाती घेतली. पहिली फेरी पाहून ती म्हणाली, “पोतं शिवायला लागलास काय रे? टाका तांदळाएवढा हवा.” आम्ही विचारले, “कोणत्या तांदळाएवढा? बासमतीच्या की आंबेमोहोराच्या?” तिने क्षणभर विचार केला. “आंबेमोहोराच्या,” ती म्हणाली, आणि आमची सर्व फेरी उसवली.

व्यापाऱ्याची खोड जात नाही. रात्री आम्ही हिशेब मांडला. तीन फूट लांब व अडीच फूट रुंद दुपटे, दोन फेऱ्यांत अर्ध्या इंचाचे अंतर, इंचात चार टाके : सुमारे ८,६०० टाके. मिनिटास आठ टाके धरले तरी अठरा तास. बोटास टोचल्यामुळे थांबावे लागते, तो वेळ निराळा. पुढे मजुरीचा दर धरून रक्कम काढावयास गेलो आणि १९८५ साली दिवाणजींनी लेखणी का थांबविली असेल, याचा विचार करीत तो कागद तसाच ठेवून दिला.

त्या दिवसापासून दर रविवारी दुकान बंद असते तेव्हा आम्ही आक्काकडे जात असू. एकदा चिरंजीवही बरोबर आले. आपल्या बारशाची हकीकत त्यांस आमच्याकडून प्रथमच कळली. ती सांगताना आक्का स्वयंपाकघरात होती, आणि भांड्यांचा आवाज थांबला होता एवढे आमच्या लक्षात आले. बाहेर येऊन तिने ट्रंकेतील दुपटे काढले व चिरंजीवांच्या हाती दिले. साडेतीन हाताच्या त्या गृहस्थाने ते छातीशी धरून गावातील एस. टी. स्थानकापर्यंत नेले, पिशवीत घालू दिले नाही.

नातीचे बारसे झाले तेव्हा नव्या दुपट्याच्या मध्यभागी एक वीतभर जागा शिवावयाची राहिली होती. टाचणीचे लांब टाके तेथे तसेच दिसत होते. सूनबाईंनी सुई काढून ठेवली व तसेच अंथरले. पाहुण्यांत एकाने विचारले, हे कोणी शिवले? आक्का पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिने आमच्याकडे बोट दाखविले आणि म्हणाली, “ह्यानं. टाके बघा, कडेला बासमती, आत आंबेमोहोर.”

आहेराच्या नव्या वहीत आमचे धाकटे चिरंजीव संगणकावर नोंदी करतात. त्यात रकाना मोकळा राहिला की यंत्र तक्रार करते. आक्काच्या नावापुढे काय घालू, असे त्यांनी विचारले. दुपटे अद्याप पुरे झालेले नाही, तोवर थांब, असे आम्ही सांगितले आहे. आमच्या गतीने ती वीतभर जागा दिवाळीपर्यंत भरेलसे दिसत नाही.