शिंग, कोन आणि उकल

चीनमध्ये शांग राजवटीत, सुमारे ३२०० वर्षांपूर्वी, शकुन पाहण्यासाठी बैलांच्या हाडांवर व कासवांच्या कवचांवर अक्षरे कोरीत. त्यांतील एक अक्षर म्हणजे शिंगाचे चित्रच होते : वर टोक, खाली रुंद बूड, मध्ये वळ्या. आज त्याचा उच्चार साधारण 'च्याओ' असा होतो. अर्थ अजूनही शिंगच. आपल्या 'रणशिंगा'प्रमाणे चिनी भाषेतही रणवाद्याच्या नावात ते येते.

टोकदार शिंगावरून कोपरा, समुद्रात घुसलेले भूशिर आणि भूमितीतील कोन हे अर्थही त्याला मिळाले. १६०७ साली मत्तेओ रिच्ची व श्यू क्वांगछी यांनी युक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांचे चिनी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कोनासाठी हेच अक्षर वापरले. शब्दशः पाहिले तर चिनी मुलाचा लघुकोन म्हणजे 'धारदार शिंग', विशालकोन म्हणजे 'बोथट शिंग' आणि त्रिकोण म्हणजे 'तीन शिंगांची आकृती'. आपल्या 'लघु' आणि 'विशाल'पेक्षा ही नावे आम्हाला अधिक बोलकी वाटतात.

पण १८० अंशांच्या कोनाला चिनीत 'सपाट शिंग' म्हणतात, आणि तेथे चित्र साथ सोडते. सपाट शिंगाला टोक कोठून असणार? आपली मुलेही कोन म्हणजे कोपरा असे धरून चालतात आणि सरळकोनापाशी अडखळतात. कोन हे टोक नसून किरण किती फिरला याचे माप आहे, हे घड्याळाचा काटा फिरवून दाखवले तर २७० अंशांचा कोनही अवघड वाटत नाही.

याच अक्षराला 'सुरी' आणि 'बैल' ही अक्षरे जोडली की 'च्ये' हे अक्षर बनते. मूळ कल्पना सुरीने बैलाचे शिंग वेगळे करण्याची. त्यावरून सोडवणे, उलगडून सांगणे हे अर्थ आले. शरीररचनाशास्त्राच्या चिनी नावात हे अक्षर आहे, आणि समीकरणाची उकलही 'च्ये'च!

प्राणिशास्त्रात मात्र जपून. गाईचे शिंग म्हणजे हाडावरचे केराटिनचे आवरण. ते कायम राहते. सांबराचे शिंग निव्वळ हाडाचे. ते दरवर्षी गळते. चिनीत दोन्ही 'च्याओ', मराठीत दोन्ही 'शिंगे'.

आपल्या उपवासाच्या शिंगाड्याचे नाव 'शृंगाटक' या शब्दावरून, म्हणजे शिंगावरूनच आले. चिनी लोक त्याला 'लिंगच्याओ' म्हणतात. त्यातही शिंग आहेच. आणि उरलेल्या 'लिंग'वरून त्यांनी समभुज चौकोनाचे नाव घेतले आहे.