संघानें आपला अग्रणी खेळाडू द्यावा काय ?

बास्केटबॉल हा खेळ मिशन शाळांतील विद्यार्थ्यांस परका नाहीं. तो जन्मासच मुळीं एका ख्रिस्ती संस्थेंत आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्प्रिंगफील्ड या गांवीं ख्रिस्ती तरुण संघाची, म्हणजे वाय. एम. सी. ए. ची, एक शिक्षणसंस्था होती. तेथें जेम्स नेस्मिथ या नांवाचे शिक्षक होते. त्यांनीं पूर्वीं माँट्रियल येथें ईश्वरविद्येचें अध्ययन केलें होतें. हिंवाळ्यांत छपराखालीं खेळतां येईल आणि ज्यांत धसमुसळेपणास फारसा वाव असणार नाहीं असा खेळ त्यांस हवा होता. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत त्यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास बांधल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ नऊ जणांचे दोन पक्ष करून पहिला सामना खेळविला. पुढें याच संघाच्या द्वारें हा खेळ आपल्या देशांत आला. १९२० सालीं मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं संघातर्फे स्थापिलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचा या कामीं मोठा उपयोग झाला.

नेस्मिथ यांच्या त्या अठरा विद्यार्थ्यांपैकीं कोणासही खेळण्याबद्दल वेतन मिळत नव्हतें. नंतर मात्र अमेरिकेंत या खेळाचा मोठा व्यवसाय झाला. निरनिराळ्या शहरांचे क्लब खेळाडूंस वेतन देऊन ठेवूं लागले, आणि त्यांतून एक प्रश्न उत्पन्न झाला. तो असा कीं, ज्या खेळाडूच्या बळावर संघ उभा आहे, त्यालाच दुसऱ्या क्लबास देऊन त्याच्या मोबदल्यांत अनेक खेळाडू घेणें शहाणपणाचें आहे काय ? वरवर पाहतां हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. परंतु थोडें खोल गेल्यास त्यांत व्यवहार आणि माणुसकी या दोहोंचा विचार करावा लागतो, असें दिसून येईल.

प्रथम या अदलाबदलीची रीति समजून घेऊं. खेळाडू क्लबाशीं ठराविक वर्षांचा करार करतो. मुदत संपण्यापूर्वीं क्लब तो करार दुसऱ्या क्लबाच्या हवालीं करूं शकतो. उलटपक्षीं त्या क्लबाकडून तो कांहीं खेळाडू घेतो, किंवा पुढील एखाद्या सालीं नव्या तरुण खेळाडूंची निवड होईल तेव्हां त्या क्लबाच्या पाळीनें निवड करण्याचा हक्क घेतो. या निवडींत दुर्बळ संघांस आधीं पाळी मिळण्याचा संभव अधिक असतो; हेतु असा कीं, कोणताही संघ कायमचा मागें राहूं नये. या सर्व व्यवहारांत खेळाडूची संमति बहुधा विचारली जात नाहीं. सकाळीं एका शहरीं असलेल्या मनुष्यास सायंकाळीं आपण दुसऱ्या शहराचे झालों असें कळतें.

आतां एका खेळाडूचें मोल किती असतें तें पाहूं. क्रिकेटमध्यें अकरा जण खेळतात. उत्तम फलंदाजही बाद झाला कीं तंबूंत परततो, आणि उत्तम गोलंदाजास एक षटक टाकून चेंडू दुसऱ्याच्या हातीं द्यावा लागतो. बास्केटबॉलची गोष्ट निराळी आहे. तेथें एका वेळीं मैदानावर पांचच खेळाडू असतात. अमेरिकेंतील व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि श्रेष्ठ खेळाडू त्यांपैकीं ४० मिनिटेंपर्यंत खेळूं शकतो. शिवाय प्रत्येक वेळीं चेंडू त्याच्याच हातीं द्यावयास कोणताही नियम आड येत नाहीं.

समजा, असा खेळाडू देऊन एखाद्या संघानें चार मध्यम प्रतीचे खेळाडू घेतले. चौघांचे गुण एकत्र केल्यास ते कदाचित् त्या एकाच्या गुणांहून अधिक भरतील. पण मैदानावरील जागा रिकामी झाली ती एकच ! चौघांपैकीं एक त्या जागीं उभा राहील. उरलेले तिघे बाकावर बसतील, किंवा त्यांस घ्यावयाचें तर पूर्वीच्या तिघांस बाकावर बसवावें लागेल. पूर्वीं रुपयाची मोड घेतली तर सोळा आण्यांचे सोळा आणे हातीं येत. खेळाडूची मोड तशी मिळत नाहीं. हा फायदा होतो तो केवळ एकाच स्थितींत: उरलेल्या चार जागांवरील जुने खेळाडू इतके सामान्य असावे कीं, नव्यांच्या येण्यानें प्रत्येक जागा सुधारावी.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे, हें दाखविण्यास विल्ट चेंबरलेन यांचें उदाहरण पुरेसें आहे. यांनीं १९६२ सालीं एका सामन्यांत एकट्यानें १०० गुण केले होते. त्यांची दोनदां अदलाबदल झाली. १९६५ च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या क्लबानें तीन खेळाडू व रोख रक्कम घेऊन त्यांस फिलाडेल्फियाच्या क्लबास दिलें. त्या हंगामांत वॉरियर्सनीं ८० सामन्यांपैकीं अवघे १७ जिंकले. मात्र त्यांच्यापाशीं चेंबरलेन यांच्याच जागेवर खेळणारा नेट थर्मंड हा गुणी तरुण होता. आणि संघ तळाशीं गेल्यामुळें पुढील निवडींत त्यांस रिक बॅरी हा उत्कृष्ट खेळाडू मिळाला. दोन वर्षांत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोंचले. पण तेथें समोर कोण उभे ? चेंबरलेन आणि त्यांचा फिलाडेल्फियाचा संघ ! त्या संघानें त्या सालीं ८१ पैकीं ६८ सामने जिंकले होते, आणि अजिंक्यपदही त्यालाच मिळालें.

पुढें १९६८ सालीं फिलाडेल्फियानेंही तीन खेळाडूंच्या बदल्यांत चेंबरलेन यांस लॉस एंजेलिसच्या लेकर्स क्लबास दिलें. पहिल्या वर्षीं फिलाडेल्फियानें ५५ सामने जिंकले, तेव्हां नुकसान झालें असें कोणास वाटलें नसेल. परंतु १९७२-७३ च्या हंगामांत त्याच संघास ८२ पैकीं केवळ ९ सामने जिंकतां आले. या अधःपातास दुसरींही कारणें होतीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि त्या तिघांनीं ती पोकळी भरून काढली नाहीं, हें खरें. इकडे चेंबरलेनसह लेकर्सनीं १९७१-७२ सालीं लागोपाठ ३३ सामने जिंकून अजिंक्यपद मिळविलें.

मग आपला अग्रणी खेळाडू कधींच देऊं नये काय ? तसाही सिद्धांत बांधतां येत नाहीं. मिल्वॉकी शहराच्या बक्स क्लबाची हकीकत यासाठीं लक्षांत घेण्याजोगी आहे. हा क्लब १९६८ सालीं निघाला. पहिल्या हंगामांत त्यानें ८२ पैकीं २७ सामने जिंकले. पुढल्या सालीं करीम अब्दुल-जब्बार, ज्यांचें तेव्हांचें नांव ल्यू अल्सिंडॉर होतें, ते संघांत आले. आणि जिंकलेल्या सामन्यांची संख्या ५६ झाली. १९७१ सालीं मिल्वॉकीस अजिंक्यपद मिळालें. परंतु १९७४ सालीं अब्दुल-जब्बार यांनीं क्लबास आपला मानस कळविला. त्यांचे आप्तमित्र त्या शहरीं नव्हते, आणि त्यांच्या मनास रुचेल असें जीवन त्यांस तेथें सांपडत नव्हतें. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस येथें आपणांस पाठवावें, अशी त्यांची इच्छा होती.

येथें क्लबापुढें खरा पेंच पडला. खेळाडू २७ वर्षांचा, जगांतील श्रेष्ठ. पण मन उडालेलें आणि कराराची मुदत सरत चाललेली. मुदत संपून तो निघून गेला असता तर हातीं कांहींच लागलें नसतें. १९७५ च्या जून महिन्यांत मिल्वॉकीनें त्यांस लेकर्सकडे दिलें, आणि मुख्यत्वें एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मेयर्स व ज्युनियर ब्रिजमन हे चार खेळाडू घेतले. त्यांतील विंटर्स व ब्रिजमन यांनीं पुढें संघाची उत्तम सेवा केली. क्लबानें त्यांच्या सन्मानार्थ त्यांचे अंक कायमचे राखून ठेविले. १९८० पासून १९८६ पर्यंत सात वर्षें मिल्वॉकीनें आपल्या विभागांत पहिला क्रमांक सोडला नाहीं. तरीही अंतिम फेरी गांठण्यास त्यांस २०२१ साल उजाडावें लागलें. अब्दुल-जब्बार यांनीं मात्र लेकर्ससह १९८० ते १९८८ या काळांत पांच अजिंक्यपदें मिळविलीं. अर्थात् तेंही एकट्यानें नव्हे. त्यांच्या पहिल्या हंगामांत लेकर्सनीं ८२ पैकीं ४० च सामने जिंकले होते, आणि अजिंक्यपद येण्यास मॅजिक जॉन्सन यांच्यासारखा जोडीदार यावा लागला.

तेव्हां मिल्वॉकीनें सौदा गमावला असें म्हणावें काय ? मला तसें वाटत नाहीं. त्यांनीं श्रेष्ठत्व देऊन स्थैर्य घेतलें. श्रेष्ठत्व तर त्यांच्या हातून निसटतच होतें. जें वांचवितां येण्यासारखें होतें तें त्यांनीं वांचविलें.

याच्या उलट प्रकार २०२५ च्या फेब्रुवारींत डॅलस येथें घडला. तेथील मॅव्हरिक्स क्लबानें लुका डॉन्चिच या अवघ्या २५ वर्षांच्या खेळाडूस लेकर्सकडे दिलें. आदल्याच वर्षीं त्यानें संघास अंतिम फेरीपर्यंत नेलें होतें. त्यानें जाण्याची मागणी केली नव्हती. मोबदल्यांत मुख्य खेळाडू मिळाला तो ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस. त्याशिवाय एक तरुण खेळाडू आणि २०२९ सालच्या निवडीचा एक हक्क. संघाची बचावाची बाजू बळकट व्हावी, असा हेतु सांगण्यांत आला. परंतु डेव्हिस पहिल्याच सामन्यांत दुखापतीनें जायबंदी झाला, आणि शहरांतील लोकांचा संताप इतका झाला कीं, सामन्याच्या वेळीं व्यवस्थापकाविरुद्ध घोषणा होऊं लागल्या. त्याच सालच्या नोव्हेंबरांत क्लबानें त्या व्यवस्थापकास कामावरून दूर केलें. मध्यंतरीं चिठ्ठ्यांच्या सोडतींत डॅलसला पहिल्या निवडीचा मान मिळाला व कूपर फ्लॅग हा होतकरू तरुण लाभला. परंतु असें घडण्याचा संभव शंभरांत दोनही नव्हता. दैवानें दिलेल्या दानास आपल्या हिशेबाचें फळ म्हणतां येत नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून अशा प्रसंगीं कोणते प्रश्न विचारावे तें ठरवितां येतें. खेळाडूचें वय काय, व त्याच्या शक्तीचीं किती वर्षें शिल्लक आहेत ? त्याची राहण्याची इच्छा आहे काय, आणि करार किती काळ उरला आहे ? त्याची जागा घेणारा कोणी संघांत तयार आहे काय ? मोबदल्यांत येणारे लोक मैदानावर खरोखर उभे राहतील, कीं बाकावर बसून केवळ यादी लांबवितील ? या चार प्रश्नांत माझ्या मतें दुसरा सर्वांत महत्त्वाचा आहे. जो तरुण आहे, समर्थ आहे आणि राहूं इच्छितो, त्याला देण्यासारखा मोबदला क्वचितच मिळतो. आणि ज्याचें मन गेलें आहे, त्याचें शरीर कराराच्या दोरीनें बांधून ठेवण्यांतही हंशील नाहीं. त्याच्याशीं मोकळेपणानें बोलून, वेळेवर आणि सन्मानानें त्याला निरोप द्यावा.

खेळाडूची इच्छा हा हिशेबाचा भाग आहे, ही गोष्ट क्लबांस सहजासहजीं पटली नाहीं. पूर्वीं कराराची मुदत संपली तरीही खेळाडू त्याच क्लबाशीं बांधलेला राही. अब्दुल-जब्बार यांचे मिल्वॉकींतील सहकारी ऑस्कर रॉबर्टसन हे खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनीं या पद्धतीविरुद्ध १९७० सालीं न्यायालयांत दावा लाविला. १९७६ सालीं तडजोड झाली, आणि मुदतीनंतर आपला क्लब आपण निवडण्याचा मार्ग खेळाडूंस मोकळा होऊं लागला. मनुष्य हा गोदामांतील माल नव्हे, हें तत्त्व ख्रिस्ती मनास नवें नाहीं. परंतु व्यवहारांत तें मान्य करून घेण्यास सहा वर्षें झगडावें लागलें. चौघांपैकीं एक म्हणून मिल्वॉकीस आलेल्या ज्युनियर ब्रिजमन यांनीं तर पुढें व्यापारांत मोठें यश मिळविलें, आणि २०२४ सालीं त्याच मिल्वॉकी क्लबांत भागीदारी विकत घेतली. ज्याला एके काळीं त्याची संमति न विचारतां देवघेवींत मोजलें गेलें, तोच त्या क्लबाच्या मालकांपैकीं एक झाला. २०२५ च्या मार्चमध्यें त्यांचें देहावसान झालें.

शाळेच्या संघांत खेळाडूंची देवघेव नसते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आपल्याकडेही संघाची निवड होते, कोणी आंत येतो, कोणी बाहेर राहतो. प्रेषित पौलानें शरीर आणि अवयव यांच्या दृष्टांतानें शिकविलेला धडा त्या वेळीं कर्णधारानें आठवावा. सर्वांत उंच मुलास चेंडू देऊन इतरांनीं स्वस्थ उभें राहूं नये, आणि त्या मुलानेंही आपल्यावांचून संघ नाहीं असें मानूं नये. ज्याला संघाबाहेर ठेवावयाचें असेल, त्याला तें फळ्यावरील यादीवरून कळूं देऊं नये; कर्णधारानें स्वतः जाऊन त्याला कारण सांगावें.