६० डॉलरचे चित्र आणि फाटलेली नोट

१३ ऑक्टोबर २०१३, रविवार. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगतच्या पदपथावर एका वृद्ध गृहस्थाने चित्रांचा ठेला मांडला होता. फवारारंगात काढलेली लहानमोठी काळी-पांढरी चित्रे, वर ‘स्प्रे आर्ट’ अशी पाटी आणि किंमत ६० डॉलर. सकाळी अकराच्या सुमारास मांडलेल्या ठेल्याची भवानी दुपारी साडेतीन वाजता झाली. पहिल्या गिऱ्हाईक बाईंनी मुलांसाठी दोन लहान चित्रे घेतली, तीही घासाघीस करून निम्म्या दरात. मग न्यूझीलंडहून आलेल्या एका बाईंनी दोन घेतली. शिकागोच्या एका गृहस्थांना नव्या घराच्या भिंतींसाठी काहीतरी हवे होते. त्यांनी चार नेली. सहा वाजता ठेला आवरला तेव्हा गल्ल्यात ४२० डॉलर होते.

ती सर्व चित्रे आपली, अस्सल आणि स्वाक्षरीची होती, असे बँक्सी या चित्रकाराने त्यानंतर जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यांतील दोन चित्रे लंडनला बोनहॅम्स या लिलावगृहात मिळून सुमारे १ लाख २५ हजार पौंडांना गेली. माल तोच, हात तोच, स्वाक्षरीही तीच. मात्र त्या रविवारी ती स्वाक्षरी खरी असल्याची हमी देणारे कोणी तेथे उभे नव्हते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या दुकान चालले आहे, त्यांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बँक्सी हा इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातून पुढे आलेला रस्त्यावरचा चित्रकार. कापलेल्या साच्यावरून भिंतीवर रंग फवारायचा आणि कोणी पाहण्याआधी निघून जायचे, ही त्याची रीत. आपले खरे नाव त्याने स्वतः कधी सांगितलेले नाही. पॉप कलेशीही त्याचे नाते जवळचे आहे. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपचे डबे चित्रात आणले. बँक्सीने २००५ मध्ये टेस्को या दुकानाच्या स्वस्त सूपचा डबा त्याच थाटात छापला.

त्याची भिंतीवरची चित्रे संग्राहकाच्या कामाची नाहीत. ती भिंतीच्या मालकाची, नाहीतर नगरपालिकेच्या चुन्याची. म्हणून संग्राहक वळतात ते त्याच्या मुद्राचित्रांकडे, म्हणजेच प्रिंटकडे. ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ या लंडनच्या संस्थेने २००३ ते २०१७ या काळात ती छापून विकली, आणि आरंभीची किंमत साध्या नोकरदारालाही परवडेल अशी होती. तंत्र आपल्या परिचयाचे आहे. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या ज्या स्क्रीन पद्धतीने छापतात, तीच ही पद्धत: ताणलेली जाळी, तिच्यावर आकृती, आणि रबरी पट्टीने खाली दाबलेला रंग. जितके रंग तितक्या जाळ्या.

मग एवढ्याशा कागदाला मोल कशाचे? कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या अंकाचे. ‘२७/१५०’ याचा अर्थ, छापलेल्या १५० प्रतींपैकी ही सत्ताविसावी, आणि एकशे एक्कावन्नावी कधीही निघणार नाही. आपल्याकडे मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या चित्रांना असे बंधन नव्हते. ती घरोघरी पोहोचावीत हाच त्यांचा हेतू होता. बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’ या चित्राच्या २००४ मध्ये १५० प्रती स्वाक्षरीसह आणि ६०० स्वाक्षरीविना निघाल्या. त्याखेरीज वेगवेगळ्या रंगांच्या फुग्यांच्या थोड्या ‘कलावंत-प्रती’ होत्या. त्यांतील जांभळ्या फुग्याची एक प्रत सप्टेंबर २०२० मध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहात ७,९१,२५० पौंडांना विकली गेली. कागद आणि शाई यांचा हिशेब मांडू पाहणाऱ्याने येथे वही मिटलेलीच बरी.

अंक लिहिणे सोपे, स्वाक्षरी गिरवणेही फार अवघड नाही. बनावट बँक्सी मुद्राचित्रे नेटवरील लिलावांतून खपवल्याबद्दल इंग्लंडमध्ये २०१० साली दोघांना शिक्षा झाली. त्याआधी, २००८ मध्येच, बँक्सीने ‘पेस्ट कंट्रोल’ नावाचे आपले कार्यालय उघडले होते. चित्र अस्सल की नाही हे ठरवण्याचा अधिकार याच कार्यालयाला आहे. भिंतीवरच्या चित्रांना मात्र ते प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्राची घडण मोठी मौजेची आहे. बँक्सीने २००४ मध्ये दहा पौंडांच्या विनोदी नोटा छापल्या होत्या. त्यांवर राणीच्या जागी डायनाचा चेहरा आणि ‘बँक्सी ऑफ इंग्लंड’ असे नाव. (यांतील एक नोट २०१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने आपल्या संग्रहात घेतली.) अशा एका नोटेवर हाताने क्रमांक लिहितात आणि ती फाडतात. अर्धी नोट प्रमाणपत्राला टाचलेली असते, अर्धी कार्यालयात राहते. शंका आली की फाटलेल्या कडा आणि क्रमांक जुळवून पाहायचे.

हे वाचून घरातील वडीलधाऱ्यांना हसू येईल. हुंडी हरवली तर पैठ, आणि पैठही हरवली तर परपैठ लिहून देणाऱ्या पेढ्यांच्या व्यवहारात कागद दुय्यम होता. तो ज्या वहीशी जुळायचा, ती वही मुख्य होती. व्यवस्थेची टिंगल करीत नाव मिळवलेल्या या चित्रकाराला अखेर तीच वही ठेवावी लागली. २०१९ मध्ये त्याने ‘ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट’ नावाने दुकान काढले, तेव्हा खरेदीसाठी नाव नोंदवणाऱ्यांना कला महत्त्वाची का, या प्रश्नाचे उत्तर लिहून द्यावे लागत असे. माल पुन्हा विकून टाकणाऱ्यांना दूर ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

लोभाची एक कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी सदबीज या लिलावगृहात ‘गर्ल विथ बलून’चा कॅनव्हास सुमारे १० लाख ४० हजार पौंडांना गेला, आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने तो अर्धा चिरून टाकला. तेच चिरलेले चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. मधल्या काळात, २०१८ मध्येच, लंडनच्या एका दलालाने वृत्तपत्रांना सांगितले की एका मालकाने आपल्याकडचे त्याच चित्राचे मुद्राचित्र स्वतःच्या हाताने पट्ट्या करून आणले, किंमत दुप्पट होईल या आशेने. त्याचे मोल सुमारे ४० हजार पौंड होते. चिरल्यावर पौंडभरही उरले नाही.

आज आपल्या घरांतील तरुण मुले-मुली अशा मुद्राचित्रांकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागली आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये भाव अतोनात चढले, नंतर बरेच उतरले. शिखरावर घेणाऱ्यांची रक्कम अडकून पडली. शिवाय लिलावात हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतात आणि विक्रेत्याकडूनही दलाली कापतात, त्यामुळे घेतल्या भावाला विकले तरी तोटाच होतो. चित्र रोज पाहावेसे वाटत असेल तर घ्यावे. पण प्रमाणपत्राशिवाय, ‘नंतर मिळवून देतो’ या शब्दावर, एक रुपयाही देऊ नये. विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी पेस्ट कंट्रोलकडे आधी चौकशी करावी.

परदेशातून आणायचे असेल तर सीमाशुल्काची एक बारकाई ध्यानात असावी. सीमाशुल्क वर्गवारीत ९७०२ या शीर्षकाखाली ‘मूळ मुद्राचित्र’ म्हणून तेच येते, ज्याचा छापसाचा कलावंताने पूर्णपणे हाताने केला आहे. यांत्रिक किंवा छायाचित्रण-प्रक्रियेने काढलेली छपाई त्यात येत नाही. स्क्रीन पद्धतीत पुष्कळदा छायाचित्रणाची मदत घेतात. तेव्हा माल निघण्यापूर्वीच सीमाशुल्क सल्लागाराला विचारलेले बरे, बंदरात अडकल्यावर नव्हे.

घरी आणल्यावर खरा शत्रू आपला पावसाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. चौकट करणारा मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा लावू पाहील; त्यातील आम्लाने कागद पिवळा पडतो, म्हणून आम्लरहित पुठ्ठाच मागावा. काच कागदाला टेकू देऊ नये, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये, कडा कापू नयेत, डिंक लावू नये. चौकटवाल्याला प्रमाणपत्र चित्रामागे चिकटवण्याची भारी हौस असते. ते त्याच्या हाती देऊच नये. अर्ध्या नोटेसह ते तिजोरीत, घराच्या दस्तऐवजांशेजारी ठेवावे.