प्रोजेक्ट आणि प्रकल्प

‘प्रोजेक्ट’ हा इंग्रजी शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘याकेरे’ म्हणजे फेकणे. म्हणून ‘पुढे टाकलेले’ हा त्याचा धात्वर्थ. मध्ययुगाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हा योजना किंवा आराखडा असा त्याचा अर्थ होता. टाकण्याची मूळ छटा मात्र पुसली गेली नाही. पडद्यावर प्रकाश टाकणारा प्रोजेक्टर आणि पुढील वर्षांच्या लोकसंख्येचे प्रोजेक्शन ही त्याच कुळातली.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात नवनव्या कंपन्यांच्या कल्पना विकणाऱ्यांचे पेव फुटले. डॅनियल डीफोने 1697 मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिले आणि बँका, रस्ते, स्त्रीशिक्षण यांविषयी स्वतःच्या सूचनाही त्यात मांडल्या. त्या काळी ‘प्रोजेक्टर’ हे यंत्र नव्हते, माणूस होता, आणि त्याची पत फारशी बरी नव्हती. 1726 च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये स्विफ्टने काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा असा एक प्रोजेक्टर रंगवला आहे. नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात वाचताना हा जुना अर्थ आठवायला हरकत नाही.

मराठीने हा शब्द दोन रूपांत वापरला. शाळेचा, आयटी कंपनीतला, बिल्डरचा तो ‘प्रोजेक्ट’. धरण, वीजकेंद्र, व्याघ्रसंरक्षण अशा सरकारी कामांसाठी ‘प्रकल्प’. हा संस्कृतातून घडवलेला शब्द कल्पना, संकल्प आणि विकल्प यांचा भाऊबंद. त्यात फेकणे नाही, रचणे आहे.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत हा शब्द घरोघरी पोचला तो कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे या पाच धरणांचा हा प्रकल्प. डिंभे धरण घोड नदीवर आहे, आणि त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना प्राण दिलेले गिरणी कामगार बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.

कालव्यांनी खालच्या शिवारांना पाणी दिले. वर, सह्याद्रीच्या कुशीत, महादेव कोळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते आंबेगावही बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. नाव तेवढे जुन्या गावाचे राहिले.

अशा माणसांसाठी मराठीत ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द रुळला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. ग्रहणातल्या चंद्रालाही हेच विशेषण लागते. पुणे जिल्ह्याला ही व्यथा नवी नव्हती. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्येच सत्याग्रह झाला होता आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. महाराष्ट्राने विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये केला. त्याच्या इंग्रजी नावात ‘विस्थापित’ या अर्थाचा शब्द होता. 1986 च्या कायद्याने त्या जागी ‘बाधित’ या अर्थाचा शब्द आणला. फरक मोठा आहे: घर शाबूत असूनही जमीन गेलेला शेतकरी विस्थापित नसतो, बाधित असतो.

इंग्रजीतला ‘प्रोजेक्ट’ पुढच्या काळाकडे पाहतो. मराठी कागदपत्रांतला ‘प्रकल्प’ मागे काय गेले याचीही नोंद ठेवतो. प्रकल्पग्रस्ताचा दाखला असलेल्यांना राज्य सरकारच्या वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या नोकऱ्यांत 5 टक्के समांतर आरक्षण आहे.