परिवीक्षा, आंतरराज्यीय
कारावासाऐवजी समाजात ठेवलेल्या अपराध्यावरील देखरेख एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे सोपविण्याची पद्धती. अमेरिकेत राज्याच्या न्यायालयाची हुकमत त्याच्या सीमेपुरती असते. त्यामुळे परराज्यात घर व रोजगार असलेल्या अपराध्याला देखरेखीविना सोडावे लागे, नाहीतर आप्तांपासून दूर अडकवावे लागे; दोहोंत सुधारणेचा हेतू विफल होई. १९३४ मध्ये काँग्रेसने अशा करारांस संमती दिली. १९३७ च्या कराराची जागा २००२ मध्ये नव्या कराराने घेतली. स्वीकारणारे राज्य स्वतःच्या अपराध्यांप्रमाणेच देखरेख करते. परंतु मुदत ठरविण्याचा व परिवीक्षा रद्द करण्याचा अधिकार मूळ राज्याकडेच राहतो. अपराध्याला प्रत्यर्पणाविरुद्धचा हक्क आगाऊ सोडावा लागतो. अट कठोर खरी; पण तिच्यावाचून न्यायालये त्याला सीमेबाहेर जाऊ देण्यास क्वचितच धजावतील.